वैद्यराजांचा दोरा

"महाराज, माझा धनी येडा न्हाई! त्याला सुखनिवासातनं सोडा!"

रणधवल महाराजांच्या भर दरबारात गोजरा साळीण हात जोडून उभी होती. तिचा नवरा केरबा चार महिने सुखनिवासात कोंडलेला होता.

सुखनिवास हे गोड नाव महाराजांनीच ठेवलं होतं. गावाबाहेरच्या जुन्या पागेत डोकं फिरलेल्या माणसांची सोय केली होती. सोय म्हणजे पायात बेडी, खाली ओलं गवत, दहा जणांत एक मडकं आणि पहारेकऱ्यांचं पोट भरून उरलीच तर वाटीभर आंबील. आत जायला राजवैद्य त्र्यंबकशास्त्री यांचा एक शब्द पुरे. बाहेर पडायलाही त्यांचाच शब्द लागे, फक्त तो आजवर कुणाला मिळाला नव्हता. "मी वेडा नाही" म्हणेल तो हट्टी वेडा, गप्प बसेल तो घुमा वेडा, आणि घरच्यांच्या आठवणीनं रडेल त्याचं तर विचारूच नका!

वैद्यराज स्वतः आत पाऊल टाकत नसत. आत घाण वास येई ना! दर पौर्णिमेला सकाळी ते बाहेर गादीवर बसत आणि खिडकीतून एक मंतरलेला रेशमी दोरा आत सोडत. आतला पहारेकरी तो एकेकाच्या मनगटाला बांधी, आणि वैद्यराज बाहेरच्या टोकावर बोट ठेवून नाडी ओळखत. या दोऱ्याची ख्याती चार राज्यांत पसरली होती.

केरबाचा गुन्हा एवढाच, की वैद्यराजांचं चूर्ण चाखून तो म्हणाला होता, "ही तर चुलीतली राख!" प्रत्यक्ष राजवैद्यावर संशय! याहून ठळक लक्षण ते कोणतं?

"बाई, शास्त्रीबुवांचा दोरा कधी चुकत नाही," महाराज म्हणाले.

"वेड्याच्या बायकोला नवरा शहाणाच वाटतो," वैद्यराज हसले. "तेही एक लक्षणच आहे, महाराज!"

"ऐकलंस?" महाराज हट्टाला पेटले. "आता असा एक माणूस मला दाखव, ज्याला हा दोरा वेडा ठरवतो, आणि ज्याच्या शहाणपणाबद्दल माझी स्वतःची खात्री आहे! पौर्णिमेपर्यंत मुदत. नाही जमलं, तर नवऱ्याशेजारी तुझीही सोय!"

दरबार खो खो हसला. सुखनिवासातल्या एकशे सात जणांपैकी एकालाही महाराज ओळखत नव्हते, मग खात्री कुठून असणार?

गोजरा घरी आली आणि पोटभर रडली. मग डोळे पुसून मागावर बसली, कारण हात चालले की तिचं डोकं चाले. धागा कुठेतरी अडकला. अडकल्या जागेपलीकडचा ताण बोटाला लागेना, तशी ती उठून तो सोडवायला गेली आणि मध्येच थबकली. गेल्या तीन पौर्णिमांना ती नातलगांच्या गर्दीत उभी राहून वैद्यराजांचा दोरा पाहत होती. खिडकीच्या वाकड्या गजाला तो दोन वेढे घालून करकचून अडकत असे. अशा दोऱ्यातून पलीकडचं काही कळत नाही, हे साळ्याच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे इतकी वर्षं वैद्यराज गजाची नाडी बघत होते!

पण हे साळणीनं सांगून ऐकतंय कोण?

पौर्णिमेला ती राजवाड्यावर गेली. "माणूस गावला, महाराज. पर तो सुखनिवासातच दिसंल. आपण मागल्या दारानं आत यावं. शास्त्रीबुवांना म्हाईत हुऊ देऊ नका."

महाराजांना राहवेना. ते आले, आणि पहिल्याच पावलाला जोडा चिखलात रुतला. त्यांनी शेल्यानं नाक दाबलं. कुणीतरी पाणी मागत होतं, मडकं कोरडं होतं.

"हा सुखनिवास?" महाराजांनी पहारेकऱ्याला विचारलं.

"यांना ओलं-कोरडं कळत नाही, महाराज," तो चाचरत म्हणाला.

कोपऱ्यात केरबा बसला होता, नुसता हाडांचा सापळा. त्याला पाहून गोजराच्या काळजाचं पाणी झालं, पण ती खिडकीखाली जाऊन उभी राहिली.

"पुढचा!" बाहेरून वैद्यराज ओरडले आणि दोरा आत आला. गोजरानं तो झेलला.

"महाराज, मंतरलेला दोरा भुईला टेकला तर बाटतो, असा शास्त्रीबुवांचा नेम हाय. जरा मनगटाला गुंडाळून धरता? मी त्या माणसाला आणते."

महाराजांनी दोरा मनगटाला गुंडाळला. बाहेरून लगेच आवाज आला, "अरेरे! फारच बिघडलेलं आहे! स्वतःला कुणीतरी मोठा समजतो. आजन्म ठेवा! आंबील निम्मी करा, आणि रोज पहाटे गार पाण्याच्या दहा घागरी डोक्यावर!"

"कुणाबद्दल बोलताहेत हे?" महाराजांनी विचारलं.

गोजरा जागची हलली नव्हती. तिनं हात जोडले. "दोरा ज्याच्या मनगटाला हाय, त्याच्याबद्दल. आन् त्याच्या शहाणपणाची आपल्याला सोताला खात्री असंलच की, महाराज!"

पहारेकऱ्याची मान खाली गेली. महाराज लालबुंद झाले आणि गरजले, "अहो, मी वेडा नाही!"

"म्हटलं नव्हतं? हट्टी प्रकार!" बाहेरून वैद्यराज म्हणाले. "बारा घागरी करा!"

महाराजांना हसू आवरेना. हसता हसता ते चिखलातच बसले. एकशे सात माणसं आधी बिचकली, मग तीही हसू लागली. महाराजांनी केरबाची बेडी तिथल्या तिथे तोडायला लावली आणि म्हणाले, "जिंकलीस, गोजराबाई! माग, काय हवं ते माग!"

"शास्त्रीबुवांनी आत येऊन एकेकाची समोरासमोर चौकशी करावी, महाराज. ज्याचं त्याला बोलू द्यावं, घरची माणसं शेजारी असावी. आन् समद्यांचं हुईस्तोवर त्यांनी हितंच ऱ्हावं, हीच आंबील खावी."

"दिलं!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "आणि आजपासून सुखनिवासाच्या किल्ल्या तुझ्या कमरेला!"

वैद्यराज त्याच दुपारी आत गेले. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत त्यांना अठ्ठ्याण्णव माणसं ठणठणीत बरी झालेली आढळली! उरलेली आठ खरोखरच आजारी होती. त्यांच्यासाठी गोजरानं कोरडी अंथरुणं आणि गरम भात मागवला, आणि वैद्यराजांना म्हणाली, "बसा शास्त्रीबुवा, यांची नाडी हातानं बघा!"