एस्तेरची साक्ष

रेव्हरंड भांबळांना देवाबद्दल शंका कधी आलीच नव्हती, आणि दुसऱ्याला आलेली त्यांना खपत नसे. त्यांच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, 'ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाची ओळख' हा विषय सुरू होण्याआधी प्रत्येक नव्या विद्यार्थ्यानं साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्याला कसं सांभाळलं ते उभं राहून सांगायचं, असा शिरस्ता होता.

एस्तेर आढाव उभी राहिली. "माझी लेक तापानं गेली. मी रात्रभर हाका मारल्या, पण देवानं ओ दिली नाही. त्यानं मला टाकलं."

रेव्हरंड कडाडले, "असं बोलणाऱ्याला या वर्गात जागा नाही!"

एस्तेरनं पिशवी उचलली. मग भिंतीवरची वधस्तंभावरच्या प्रभूची तसबीरही तिनं खिळ्यावरून काढली.

"हे काय करता, बाई?"

"यांनाही घेऊन जाते, साहेब. मरताना हेही असंच बोलले होते, 'माझ्या देवा, तू मला का टाकलंस?'"

रेव्हरंडांचा आवाज उतरला. "पण बाई, त्यांना तिसऱ्या दिवशी उत्तर मिळालं, ते मेलेल्यांतून उठले."

"माझी लेक जाऊन तिसरं वर्ष सरत आलं," एस्तेर म्हणाली. "म्हणून तर शिकायला आले."