नावांचा डबा

एकदा काय झालं, एका बेटावर बारसं होतं. पाळणा बांधला, घुगऱ्या शिजल्या, बाया जमल्या. गोजराआत्या भाचीच्या कानाशी वाकली, कुर्रर्र म्हणाली, आणि तिथंच थांबली. पुढं म्हणायला नावच नव्हतं.

का नव्हतं? ऐका. त्या बेटावरची माणसं मूळची समुद्रापलीकडच्या राजाची. त्यानंच त्यांना होड्या देऊन तिथं वसवलेलं. आणि त्याचा नियम असा, की बेटावरच्या पोरांची नावं राजवाड्यातूनच यायची. वर्षातून एकदा जहाज यायचं, त्यात चांदीचा डबा. डबा उघडला की नावं फुलपाखरांसारखी उडायची आणि आपापल्या पाळण्यावर जाऊन बसायची. मोठी गंमत होती, बरं का. कुणाची काही तक्रार नव्हती.

पण त्या वर्षी डबा रिकामा आला. राजा शिकारीला गेला होता म्हणे. बाया म्हणाल्या, असू दे, राजा आहे, त्याला कामं असतात. आणि घुगऱ्या खाऊन घरी गेल्या.

दुसऱ्या वर्षी डब्यातून एकच जाडजूड फुलपाखरू निघालं. धापा टाकत ते अकराही पाळण्यांवर बसून आलं. सगळ्यांचं नाव एकच, राजदत्त. मुलींचंसुद्धा. मग काय, एकाला खाऊला हाक मारली की अकरा जण रांगत यायचे. बेटानं नम्रपणे कळवलं, महाराज, हे नाव परत घ्या. निदान पोरं बघायला तरी एकदा या.

तिसऱ्या वर्षी डबा आलाच नाही. आला एक कारभारी, मिशा पिळत. तक्रार करता काय, म्हणाला. आता राजाची मर्जी होईपर्यंत कुणालाच नाव नाही. आणि जो आपल्या मनानं नाव ठेवील, त्याच्या घरची होडी जप्त. एवढं बोलून तो पहारा द्यायला बेटावरच ठाण मांडून बसला.

आता गोजराआत्या मुलखाची भित्री. भांडं पडलं तरी दचकायची. घरात होडी एकच, भावाची. तिच्यावरच चूल पेटायची. पण भाची नुसत्या 'अगं' आणि 'ए'वर मोठी होतेय, हे तिला बघवेना. मग रोज वेणी घालताना ती भाचीच्या कानात एक नाव सांगायची. दारातल्या सुरंगीच्या झाडाचं. ते झाड राजाच्या मुलखात उगवतच नाही. आणि वर बजावायची, "हे आपल्या दोघींचं हं. चारचौघांत कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही."

भाची चार वर्षांची झाली. एक दिवस ओहोटीला सगळी पोरं शिंपले वेचायला लांब गेली, आणि पांढरंफटक धुकं आलं. त्यात भरतीची वेळ. आया किनाऱ्यावरून ओरडू लागल्या, ए पोरी, अरे ए. पण कोण कुणाला बोलावतंय, पोरांना कसं कळणार? ती सगळी जागच्या जागी उभी. पाणी घोट्यांना लागलं.

आत्या पुढं झाली. तिनं कारभाऱ्याकडं बघितलं, होडीकडं बघितलं, आणि मोठ्यानं हाक मारली, "सुरंगी!"

कारभारी तरातरा होडीकडं निघाला. तर भाऊ आधीच होडीत जाऊन बसलेला. तो शांतपणे म्हणाला, "कारभारी, राजाला सांगा, पोरं आमची, नावंही आम्हीच ठेवू. जहाजाला म्हणावं, पाहुण्यासारखं ये. घुगऱ्या देऊ. डबा मात्र आणू नको."

मग दुसरी आत्या ओरडली, पोवळे. तिसरी ओरडली, शंखू. सगळ्याच आत्यांनी गुपचूप नावं ठेवली होती की. एकेक पोर धुक्यातून ओल्या पायांनी पळत आलं. सुरंगी तेवढी येईना. आत्यानं पुन्हा हाक मारली. काही नाही. पाणी गुडघ्यांपर्यंत आलं. आणि मग आत्याला आठवलं, ओ देऊ नको म्हणून आपणच तर शिकवलंय.

पुढं ते बेट आपलं आपण राहिलं, आणि सुखात राहिलं. कारभाऱ्याच्या नातीचं बारसंसुद्धा तिथंच झालं. तुम्ही आता डोळे मिटा बघू. मिटले? दिसलं धुकं? त्या धुक्यात तोंड करून आत्यानं तिसऱ्यांदा हाक मारली, "सुरंगी, ओ दे गं बाळा. आता दिली तरी चालते."

आणि आतून बारीक आवाज आला, "ओ, आत्या."