वेशीवरून आलेली कोंबडी

खैरगडच्या महाराजांना अंबारीत चढवायला चार माणसं लागायची, उतरवायला सहा! एके दिवशी अंबारीचा पट्टाच तुटला, आणि राजवैद्यांनी हात जोडून सांगून टाकलं, "महाराज, वेशीवरच्या तानूमावशीच्या खानावळीतली कोंबडी बंद! त्या रश्श्यावर बोटभर तेल तरंगतं!"

राणीसाहेब शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या गळ्याची शपथ घ्या. बाजारची कोंबडी पुन्हा खाणार नाही म्हणा!"

महाराजांनी शपथ घेतली. पण राजाच तो, चरफडाट कुणावर तरी काढायलाच हवा. काढला मुदपाकखान्यातल्या संतू आचाऱ्यावर.

"संतू! आठ दिवसांत तश्शीच कोंबडी करायची! तोच रंग, तोच झणका, तीच चव. तेलाचा थेंब मात्र नको. जमलं तर सोन्याचं कडं, नाही जमलं तर बाडबिस्तरा उचलून राज्याबाहेर व्हायचं!"

वैद्यबुवांनी लगेच तेलाच्या बुधल्या कुलपात टाकल्या आणि किल्ली कमरेला लावली. बिचारा संतू! त्याची हयात त्या चुलीपुढे गेली होती. आता म्हातारपणी कुठे जाणार?

पहिल्या दिवशी महाराजांनी घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "पथ्य!" दुसऱ्या दिवशी, "आजाऱ्याचं जेवण!" पाचव्या दिवशी तर ताटावरचा रुमाल काढायच्या आधीच म्हणाले, "छे! जमलं नाही!"

सातव्या दिवशी संतूने भांडीकुंडी बांधायला घेतली. त्याची लेक राही पाट्यावर वाटण वाटत होती. जिभेची तिखट आणि डोक्याची त्याहून तिखट. तिने पातेल्यातला रस्सा बोटावर घेऊन चाटला.

"आबा, तुमची कोंबडी तिसऱ्या दिवशीच जमलीया! कांदा निखाऱ्यात भाजला, सुकं खोबरं काळं होईस्तोवर परतलं, कोंबडी दह्यात मुरवली, झाकणावर पाणी ठेवून तिच्याच रसात शिजवली. तानूमावशीनं खाल्ली तर तीबी फसंल!"

"अगं, मग महाराजांना कशी आवडंना?"

"त्येच तर बघायचंय!" राही म्हणाली आणि पदर खोचून थेट हत्तीखान्यात गेली. तिथे इमाम माहूत हत्तीला ऊस घालत होता.

"इमामकाका, खरं सांगा. महाराज तानूमावशीची कोंबडी कुठं बसून खायचे?"

इमामने इकडेतिकडे पाहिलं. "कुणाला बोलू नगंस, पोरी. हितंच, चाऱ्याच्या भाऱ्यावर! म्या मडकं झुलीखाली लपवून आणायचो. वैद्यबुवा आलं तर खोकायचं, राणीसाहेब आल्या तर हत्तीला ओरडायचं. सरकार बाह्या सारून असं हाणायचे, असं हाणायचे...!"

राही हसत हसत परतली. मात्र घरी न जाता ती आधी राणीसाहेबांकडे जाऊन आली.

आठव्या दिवशी संतूने केलेली कोंबडी तिने मडक्यात भरली, वर पळसाचं पान बांधून झालं आणि ती मागच्या दाराने निघाली. वेशीपर्यंत गेली, तानूमावशीला रामराम घातला, तिथूनच माघारी वळली आणि मडकं इमामच्या हातात दिलं.

इमाम महाराजांच्या कानाशी लागला. "सरकार, वेशीवरनं आलंय. गरम हाय. बिगीबिगी चला!"

महाराज असे धावले की अंगरखा खांबाला अडकून फाटला! भाऱ्यावर बसले, पान फाडलं आणि भाकरी मोडली. पहिल्या घासाला डोळे मिटले, दुसऱ्याला नाकातून पाणी आलं. तीन भाकऱ्या गेल्या, मडकं पुसून झालं, बोटं चाटून झाली.

"वा! ही खरी कोंबडी!" महाराजांनी ढेकर दिली. "त्या संतूला हे सात जन्मांत जमायचं नाही!"

"सरकार," हत्तीच्या मागून आवाज आला, "कडं उजव्या हातात घालायचं का डाव्या?"

महाराज दचकून उठले. समोर राही!

"कसलं कडं? ही तर वेशीवरची कोंबडी!"

"वेशीवरनं आली खरी. म्याच तिथवर फिरवून आणलीया. पण शिजली कुठं, ते सरकारांनीच ठरवावं. बाजारची म्हणत असाल तर शपथ मोडली, राणीसाहेबांना बोलावते. घरची म्हणत असाल तर आबा जिंकले!"

महाराजांनी रिकाम्या मडक्यात डोकावून पाहिलं. "कशावरून घरची?"

"मिशीला हात लावून बघा! तानूमावशीची कोंबडी खाल्ली की मिशी दिवसभर चकाकायची."

महाराजांनी मिशीवरून बोट फिरवलं. मिशी कोरडी ठणठणीत!

"घरचीच!" महाराज पुटपुटले. "पण मग सात दिवस तिला चव का नव्हती?"

"चव होती की, सरकार! पण चांदीचं ताट, वर वैद्यबुवा आणि समोर राणीसाहेब! अशानं कुणाला गोड लागंल? आज आम्ही तेल तेवढं काढलं, चोरी ठेवली!"

महाराज एवढे खदाखदा हसले की हत्तीने सोंड वर केली. हातातलं कडं काढून त्यांनी राहीला दिलं. "हे तुझ्या बापाला. त्याची चूल जन्मभर त्याची! आणि तू माग, काय हवं ते."

"मला खानावळ टाकायचीय सरकार, तानूमावशीच्या समोर. जागा द्या."

"दिली! पण माझं मडकं असंच वेशीवरून, झुलीखालून आलं पाहिजे!" महाराजांनी आवाज खाली आणला. "आणि हो, राणीसाहेबांना कळता कामा नये."

राहीने पळसाचं फाटकं पान उचलून पुढे केलं. पानाला बांधलेला रेशमी दोरा महाराजांनी आता कुठे नीट पाहिला, आणि हसता हसता ते पुन्हा भाऱ्यावर बसले.

"मडकं त्यांनीच बांधलंय, सरकार!"