मुरीचं तोंड कुणीकडे

"छाटी कधी देणार ते सांगा, आई. आज तरी सांगा."

गोजराबाईनं हे विचारलं तेव्हा मथूआई नदीकाठच्या खडकावर बसून राखेनं परात घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"भूक मारलीस?"

"मारली."

"झोप?"

"तीही मारली."

"आणि जीभ?"

"ती तुमच्यापेक्षा कमीच चालते."

मथूआई खदखदून हसल्या. म्हातारीच्या तोंडात दात उरले नव्हते, पण हसू मात्र चावरं होतं.

घाटाच्या पायथ्याला, नदीच्या वळणावर त्यांचा मठ होता. मठ कसला, कुडाच्या चार खोल्या आणि अंगणात एक करंज. संसारातून उठलेल्या बायका तिथं यायच्या. ज्या टिकायच्या त्यांना आई भगवी छाटी द्यायच्या. छाटी एकदा अंगावर पडली की मागचं घर तुटलं. तिकडं पाऊल टाकायचं नाही, घरच्यांचं नावसुद्धा ओठावर आणायचं नाही, असा तिथला रिवाज.

गोजराबाईच्या मागून आलेल्यांना छाट्या मिळाल्या. गोजराबाई अजून घरच्याच लुगड्यात. हे तिला फार लागलं होतं. नवऱ्यामागं भाऊबंदांशी एकटीनं झुंजून शेत राखलेली बाई ती, गावात कुणाच्या बापाला भ्याली नव्हती. तिला कुणी मागं ठेवावं?

"मग राहिलंय काय?" मथूआईंनी विचारलं.

गोजराबाईनं पायाशी पडलेली काडी उचलली आणि मोडली.

"एक राहिलंय."

"द्वारका?"

"तिचं नाव नका काढू!"

द्वारका तिची एकुलती एक लेक. आईला न विचारता एका मेंढपाळाशी लग्न लावून ती पार वर, घाटमाथ्यावर, नदी उगवते त्या वाडीत राहायला गेली होती. त्या दिवशी गोजराबाईनं भरल्या गावात सांगितलं, तिच्या घरच्या पाण्याचा थेंब या घशाखाली उतरायचा नाही. बोलली ते बोलली. लेकीनं निरोपांवर निरोप धाडले, पण बाई जागची हलली नाही.

"आठवण येते?"

"मेली मण्यामण्याला येते. माळ ओढते देवाची आणि दिसते ती. तेवढी तुम्ही उपटून काढा. मग मी मोकळी."

"काढते की." मथूआई अशा म्हणाल्या, जणू पायातला काटाच काढायचा होता. "आधी मला एक मुरी धरून आण. जिती हवी."

मुरी म्हणजे बोटाएवढी मासळी. अंगावर वाळूसारखेच पट्टे, तोंडाशी मिशांचे बारीक धागे. वरच्या पाण्यात ती मिरवत नाही. तळाला, गोट्यांच्या आडोशाला पडून असते. पायाची चाहूल लागली की वाळूत शिरते आणि डोळे तेवढे बाहेर ठेवते. ती आपल्याला बघत असते, आपल्याला ती दिसत नाही.

गोजराबाईनं लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरली. पहिल्या झपाट्यालाच पाणी गढूळ झालं.

"पाणी ढवळायला नाही धाडलं गं!" काठावरून आवाज आला. "म्हशी पुष्कळ आहेत त्या कामाला."

गोजराबाईनं दात आवळले. हाताला लागली म्हणेपर्यंत मुरी बोटांतून बुळकन निसटायची. पुन्हा वाळू, पुन्हा गढूळ पाणी. शेवटी तिनं एका धोंड्याच्या खालच्या अंगाला पदर पसरला आणि धोंडा हळूच उचलला. पदरात काहीतरी वळवळलं.

मथूआईंनी घासलेल्या परातीत पाणी घेतलं आणि मुरी त्यात सोडली.

"झकास जागा दिली बघ हिला. धार नाही, बगळा नाही, खेकडा नाही. आता निवांत राहील."

पण मुरी निवांत राहिली नाही. मिशांनी तळ चाचपत कडेकडेनं फिरू लागली. थांबायची, तोंड वळवायची, परत फिरायची. मध्येच वर येऊन हवेचा घोट घ्यायची आणि पुन्हा तळाशी जाऊन तेच.

"काय हरवलंय हिचं?" गोजराबाईच्या तोंडून निघून गेलं.

मथूआईंनी परातीत बोट घातलं आणि पाणी गोल फिरवलं.

मुरी वळली. येत्या पाण्याला तोंड दिलं आणि उभी राहिली. शेपूट तेवढं हलत होतं.

मथूआईंनी पाणी उलटं फिरवलं. मुरीही उलटी वळली, पुन्हा येत्या पाण्याकडे.

बोट निघालं, पाणी निवलं... आणि मुरीची वणवण परत सुरू झाली.

"तिला वर जायचं असेल," गोजराबाई म्हणाली.

"मग नदीत कुणी अडवलंय का? बघ तिकडं."

खडकापलीकडे उथळ पाणी खळखळत होतं. नीट बघितल्यावर तळाच्या गोट्यांमागं एकेक मुरी दिसू लागली. सगळ्यांची तोंडं वरच्या अंगाला.

"जात नाहीत," गोजराबाई सावकाश म्हणाली. "पण वाहूनही जात नाहीत."

"मग करतात काय?"

गोजराबाईनं ओला पदर करकचून पिळला.

"आई, मी घरदार सोडलं ते मासळीच्या कहाण्या ऐकायला नाही. माझं काम करा."

"करते म्हटलं ना. जपाला बस. रोज बसतेस तशी बस."

गोजराबाईनं मठातून तरट आणून काठावरच अंथरलं, माळ घेतली आणि डोळे मिटून बसली. मथूआई तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या.

"गोजरे, आपल्या मठात बायका तोंड कुणीकडे करून बसतात?"

"उगवतीला."

"आणि तू?"

गोजराबाईनं डोळे उघडले. समोर घाट होता. नदी घाटातून उतरून थेट तिच्याकडे येत होती.

"ते... डोळ्यांत ऊन शिरतं सकाळी. म्हणून जरा वळून बसते."

"जरा? पाठच केलीस की उगवतीला! बरं, आषाढात कुठलं ऊन होतं गं? सूर्य तरी दिसला होता का?"

माळ हातातच राहिली.

"मी तुझं तरट फिरवून ठेवायची," मथूआई म्हणाल्या. "तू यायचीस, परत फिरवून घ्यायचीस. तुला पत्ताही नसायचा. बाया हसायच्या, म्हणायच्या, ही वाकडी बसते. मी म्हटलं, बसू द्या."

गोजराबाई घाटाकडे बघत राहिली. मग तिचा आवाज आला, पण तो तिचा नेहमीचा नव्हता.

"गेल्या बाजारी वरची एक बाई भेटली. द्वारकाला दिवस गेलेत, म्हणाली. सातवा सरलाय."

"हं."

"वाडीत विहीर नाही. दाराशी झरा आहे, तिथूनच ही नदी सुटते म्हणे. भरल्या पोटानं तिथं वाकून घागर भरते... पहिलटकरीण आहे हो. पहिलं बाळंतपण माहेरी करतात. आणि तिचं माहेर इथं तरटावर बसलंय."

मथूआईंनी परात जवळ ओढली.

"म्हणून म्हणते, छाटी द्या!" गोजराबाई एकदम उसळली. "उद्याच द्या. अंगावर पडली की जायचं म्हटलं तरी जाता येणार नाही. संपेल सगळं."

"शब्द दिलायस ना गावाला?"

"दिलाय. थेंबसुद्धा घेणार नाही म्हणाले. गोजरा शब्दाला जागते. आजवर जागले."

"जागलीस. खरंच जागलीस." मथूआईंनी परात तिच्या हातात दिली. "हिला आधी घरी पोचव."

गोजराबाई काठाशी उकिडवी बसली आणि परात हळूच कलती केली. मुरी तळाला गेली, वाळूत शिरली, दिसेनाशी झाली. मग वाळूतून मिशा वर आल्या. मग दोन बारीक डोळे. तोंड घाटाकडे.

गोजराबाईला हुंदका फुटला. गावानं कधी पाहिला नव्हता तसा. मथूआईंनी तिला रडू दिलं. पाठीवर हातसुद्धा ठेवला नाही.

रडून रडून घसा सुकला, तशी तिनं ओंजळ बुडवली आणि घटाघटा पाणी प्यायली. पुन्हा ओंजळ भरली.

"गोजरे," मागून मथूआई म्हणाल्या, "कुणाच्या घरचं गं ते पाणी?"