सात वाद्यांचा एकच वादक

या गोष्टीला किती पिढ्या उलटल्या, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. चहूबाजूंनी डोंगर असलेलं एक गाव होतं, आणि त्या गावची एक मुलगी दूरदेशी दहा वर्षं शिकून घरी परत येत होती.

येताना तिनं मनाशी सगळं चित्र रंगवलं होतं. खिंडीच्या माथ्यावरच वाद्यांचा आवाज कानी पडेल. पारावर मामा बसलेला असेल, खांद्यावर राजानं दिलेली शाल, आणि भोवती वीस-पंचवीस शिष्य. मग ती त्याला आपला बेत सांगेल. सातही वाद्यांची एक शाळा काढायची. मामानं शिकवायचं, तिनं लिहून ठेवायचं, आणि त्याच्यासारखीच सातही वाद्यं आपण स्वतः शिकायची.

प्रत्यक्षात खिंडीत नुसता वारा होता. पारावर दोन शेळ्या रवंथ करत बसल्या होत्या. मामा घरात बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याचा उजवा हात कुणी दुसऱ्यानं आणून ठेवल्यासारखा छातीवर पडून होता. वाद्यं आढ्याला टांगलेली होती, आणि त्यांतल्या तिहींची कातडी उंदरांनी कुरतडली होती.

"कोण आहे?" मामानं विचारलं.

"मी आहे, मामा."

"आलीस होय! शिकून झालं?"

"झालं."

"मग एक सांग," मामा म्हणाला, "मी मेल्यावर माझी चाल कोण वाजवणार?"

त्याचं काय होतं, की त्या गावात मेलेल्या माणसापुढे हलगी वाजवत नदीपर्यंत जायची रीत होती. त्या संथ ठेक्याला 'शेवटची चाल' म्हणत. मेलेल्याला डोळ्यांनी वाट दिसत नाही, तो ठेक्यामागून चालतो, अशी तिथली समजूत होती. ज्याला ठेका मिळत नाही, तो वेशीपाशीच घुटमळत राहतो. चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक मेलेल्याला मामानंच नदीपर्यंत पोचवलं होतं. आता त्याची स्वतःची वेळ जवळ आली होती, आणि त्याला एकच भीती खात होती.

"तुझे शिष्य कुठं आहेत?" मुलीनं विचारलं.

"कुणी नाही गं."

"आणि बाकीची सहा घरं?"

मामानं डोळे मिटून घेतले.

पूर्वी त्या गावात वाजवणाऱ्यांची सात घरं होती. ढोल, ताशा, हलगी, संबळ, डफ, मृदंग आणि नगारा. प्रत्येक घराचं एक वाद्य, आणि ते बापाकडून लेकाकडे जायचं. मामा ढोलाच्या घरातला. पण देवानं त्याला असे कान दिले होते, की एकदा ऐकलेला ठेका तो विसरत नसे. हा बारा वर्षांचा असताना ताशेवाल्याला ताप आला, तर यानं ताशा वाजवला. विसाव्या वर्षी देवीच्या गोंधळात संबळ वाजवला. तिशीच्या आत त्याचा हात सातही वाद्यांवर बसला होता. वरात निघताना ढोल, देवळाच्या दारात मृदंग, आखाड्यात हलगी, राजाची स्वारी आली की नगारा. एका लग्नात त्यानं सात वेळा वाद्य बदललं. म्हातारी माणसंसुद्धा चपला काढून ऐकायला उभी राहिली. राजानं त्याला शाल पांघरवली. पाच गावांतून बोलावणी येऊ लागली.

लोकांना तर तो हवाच होता. लग्नात वाजवणाऱ्यांना वऱ्हाडाच्या आधी जेवू घालायची पद्धत होती. सात वाजवणारे म्हणजे सात पानं, आणि त्यांच्या बरोबर आलेली पोरंबाळं वेगळीच. आता एकाच पानात सगळं भागायला लागलं. "तो एकटा आला की झालं," लोक म्हणायचे. "वाजवतोही सगळ्यांहून चांगलं, आणि जेवतोही बेताचंच!"

कुणी अडलं, कुणाचा हात चुकला, कुणी उशिरा आलं, की मामा पुढे व्हायचा आणि म्हणायचा, "राहू दे, मी आहे ना." भाची लहान असताना ढोलाशी खेळायला गेली, तेव्हाही तो हेच म्हणाला होता. "तू पुस्तकं शिक. वाजवायला मी आहे ना." आणि त्यानं तिला दूर धाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी घराबाहेर पडली. गावात एक तरी हात शिल्लक असेल, असं तिला वाटत होतं.

ताशेवाल्याच्या अंगणात कोंबड्या पाणी पीत होत्या. "ताशा?" तो हसत म्हणाला. "हा काय, कोंबड्यांपुढे आहे. अजून एक थेंब गळत नाही बघ. माझ्या आज्यानं केलेलं भांडं आहे ते!"

"तुम्हाला वाजवता येतं ना?"

"मला? मला येत असतं, तर तुझ्या मामाला कुणी बोलावलं असतं का?"

नगाऱ्यात नाचणी भरलेली होती. डफाच्या कड्याला जाळी ठोकून त्याची चाळण केली होती. मृदंगाच्या घरातला माणूस आता लाकडं फोडायचा. त्यानं आपले घट्टे पडलेले तळवे तिच्यापुढे धरले आणि मान हलवली. संबळाच्या दाराला कुलूप होतं, आणि कुलपावर कोळ्यानं जाळं विणलं होतं.

शेवटी ती हलगीच्या घरी गेली. उंबऱ्यावर एक म्हातारी चिंचा फोडत बसली होती. हलगीवाल्याची विधवा होती ती.

"आजी, शेवटची चाल येणारं कुणी आहे का हो?"

"मला येते," म्हातारी म्हणाली. "तोंडपाठ आहे. नवरा रोज घोकायचा ना. पण हलगीला आम्हा बायकांचे हात कधी लागले नाहीत."

मुलीच्या जिवात जीव आला. "मग मामा गेला की तुम्ही पुढे चाला. तोंडानं म्हणा. मी हलगी वाजवते, तुमच्यामागून, जमेल तशी."

म्हातारीनं चिंचेवर दगड आपटला. "चाळीस वर्षांमागं माझा धनी गेला, तेव्हा माझा लेक सोळा वर्षांचा होता. बापाची चाल लेकानं वाजवायची. गळ्यात हलगी अडकवून उभा राहिला बिचारा. रडत होता, हात चुकत होता. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग तुझा मामा पुढे आला. लेकाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि गळ्यातली हलगी हळूच काढून घेतली. म्हणाला, 'राहू दे बाळा, मी आहे ना.'"

"मग?"

"मग काय! अशी वाजवली, अशी वाजवली, की दगडालाही पाझर फुटावा. सगळं गाव रडलं. माझ्या लेकाचं रडणं तेवढं थांबलं. चौदाव्या दिवशी खिंड चढून गेला. तिकडे कुठंतरी दगड फोडतो म्हणतात."

मुलीनं मान खाली घातली.

"तुझा मामा वाईट असता ना, पोरी, तर रोज सकाळी शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण तो चांगलाच होता. तेच तर सलतं. आणि आता माझ्या लेकाच्या गळ्यातून काढलेली चाल मी त्याच्यासाठी म्हणू? नाही गं. माझी जीभ वळायची नाही."

तिन्हीसांज व्हायच्या आत मुलगी घरी आली. मामा तिची वाट बघत होता.

"मिळालं कुणी?"

खोटं बोलावं असं तिला क्षणभर वाटलं. पण मामाच्या डोळ्यांकडे पाहून तिला ते जमलं नाही. "नाही, मामा."

"हलगीच्या घरी गेली होतीस?"

"गेले होते."

मामानं आढ्याला टांगलेल्या हलगीकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्या पोराचा हात चुकत होता. मला ते ऐकवेना. इतका वाईट ठेका मला सहनच व्हायचा नाही." त्याला धाप लागली. "चुकू द्यायला हवा होता गं. मला वाटलं, मी चाल वाचवतोय."

त्यानंतर तो बोलला नाही. अंधार पडायच्या आधीच त्याचा जीव गेला.

गावानं त्याला उचललं. मुलीनं हलगी गळ्यात घातली आणि पुढे झाली. लहानपणी ऐकलेलं काहीतरी आठवून तिनं काठी उगारली. पहिला ठोका पडला, दुसरा पडला. तिसरा कुठं पडायचा, ते तिला कळेना. कुणीतरी रिकामा डबा बडवावा, तसा आवाज झाला. तिनं मागे वळून लोकांकडे पाहिलं. कुणालाच काही सुचत नव्हतं. शेवटी तिनं काठी खाली केली. पुढची सगळी वाट नुसती पावलं वाजली.

वेशीपाशी मागून कुणीतरी सवयीनं बोलून गेलं, "आज तो असता, तर कशी वाजवली असती!" आणि मग जीभ चावली.

ज्यानं गावातल्या प्रत्येकाला वाट दाखवली, त्याला एकही ठोका न मिळता जावं लागलं. तो नदीपर्यंत पोचला की वेशीतच राहिला, हे त्या गावात आजही कुणी सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील चार माणसं घेऊन दारात आले. त्यांनी आपल्या वाड्यातला एक जुना ढोल सोबत आणला होता, त्याला नवं कातडंही चढवलं होतं.

"पोरी, झालं ते वाईट झालं," पाटील म्हणाले. "पण पुढच्या महिन्यात माझ्या घरी लग्न आहे. तू त्याची भाची, त्यात शिकलेली. तुला सातही वाद्यं शिकायला असा कितीसा वेळ लागणार? बाकीच्यांची आता कशाला मनधरणी करायची? तू आहेस ना!"

हेच स्वप्न घेऊन ती खिंड उतरली होती. तेच आता कुणीतरी तिच्या पुढ्यात आणून ठेवलं होतं, आणि ते बघून तिच्या अंगावर काटा आला.

"पाटीलकाका, मी सात वाद्यं शिकणार नाही," ती म्हणाली. "एक शिकेन, हलगी. तीही ज्या घरची आहे, त्या घरानं शिकवली तरच. आणि दुसऱ्या कुणाचा हात कितीही चुकला, तरी त्याच्या गळ्यातलं वाद्य मी काढून घेणार नाही."

"मग लग्नात वाजवायचं कुणी?"

"ज्यांची वाद्यं आहेत, त्यांना बोलवा."

"अगं, त्यांना येतंय कुठं आता? लोक हसतील!"

"हसू देत. नाहीतर लग्न मुकाट लागू दे."

पाटलांनी कपाळावर हात मारला. मुलगी त्यांच्या बाजूनं वाट काढत निघाली आणि हलगीच्या घरासमोर जाऊन उभी राहिली. म्हातारीनं तिला येताना पाहिलं होतं. तिनं उठून दार लावून घेतलं.

दार आज उघडेल, उद्या उघडेल, की कधीच उघडणार नाही, हे मुलीला ठाऊक नव्हतं. तरी त्या सकाळी तिनं ठरवलं, की इथून हलायचं नाही. ती उंबऱ्याबाहेर मातीत बसली.

बोध: दुसऱ्याच्या चुकत्या हातातलं काम जो आपल्या तरबेज हातात घेतो, तो ते काम वाचवत नाही, संपवतो.