खुंट्याचे वेढे

"पण हात उठतो कसा, बाबा? मला कळायच्या आत उठतो!"

दस्तगीरबाबा दर्ग्याच्या ओट्यावर बसून काथ्या वळत होते. गावाबाहेरचा हा म्हातारा फकीर. अडलेला माणूस त्यांच्याकडे जातो, म्हणून मीही गेलो होतो.

"आज कुणाला मारलंस, लिंबा?"

"चहावाल्या नागूला."

"काय म्हणाला तो?"

"तुझा दादा लई चांगला होता, म्हणाला."

"म्हणून मारलंस?"

"हो… म्हणजे… माहीत नाही."

दादाला जाऊन चार महिने झाले. विहिरीतली मोटर काढायला एकटाच उतरला, तो वर आलाच नाही. तेव्हापासून माझं हे असं. मारतो, शपथ घेतो, पुन्हा मारतो. नागूचं कळल्यावर वहिनीनं ट्रंक भरली. म्हणाली, "भाऊजी, संध्याकाळच्या गाडीनं मी माहेरी जाते. मला तुमची भीती वाटते."

तेवढ्यात बाबांची शेळी ओरडली. फिरून फिरून तिनं दावं खुंट्याला गुंडाळून घेतलं होतं. मान खुंट्याला टेकलेली, पाला हातभर लांब.

"सोडव तिला."

मी दावं धरून ओढलं. फास आवळला. शेळीचे डोळे बाहेर आले.

"ओढू नको."

"मग कापतो!"

"काप. मग मोकाट सुटली की ती कुणाची?"

मी दावं सैल सोडलं.

"जशी गुंतली तशी उलटी फिरव… आणि फिरता फिरता सांग. नागूच्या आधी कोण?"

शिंग धरून मी तिला उलटं फिरवू लागलो. एक वेढा सुटला.

"ट्रॅक्टरवाला बबन."

दुसरा सुटला.

"त्याच्या आधी?"

"सुदाम. माझा दोस्त. तेराव्याच्या पंगतीत."

तिसरा सुटला.

"त्याच्या आधी?"

"कुणी नाही."

"एक वेढा दिसतोय."

शेळी थांबली. मीही. बाबांकडे बघवेना. मी शेळीकडे बघितलं.

"दादानं हाक मारली होती," मी तिला म्हणालो. "लिंबा, दोर धरायला ये… मोटारसायकलची किल्ली दिली नव्हती त्यानं. मी रुसलो होतो. ऐकूनही पडून राहिलो."

शेळीनं कान हलवला. मग आपणच वळली, राहिलेला वेढा सोडवला आणि पाला खाऊ लागली. जसं काही झालंच नाही!

माझा हात उठला… आणि तसाच राहिला. त्याचं काय करायचं, कळेना.

बाबा काथ्या वळतच होते.

"गाडी कितीची?"

"सहाची."

"मग इथं काय करतोस?"

"वहिनीला यातलं काहीच माहीत नाही, बाबा. तिला सांगू तरी काय?"

"शेळीला सांगितलंस, तेच."