राणीचा पदर

कऱ्हाडच्या एका वाचनालयात ग्रीक पुराणकथेवरच्या नव्या कादंबरीची चर्चा चालली होती. कथेतल्या राणीचा नवरा युद्धावर गेलेला असतो आणि लग्नासाठी सरदार तिच्या दारात ठाण मांडून बसलेले असतात. हातातलं वस्त्र विणून झालं की लग्न करीन, असं त्यांना सांगून ती दिवसा विणते आणि रात्री उसवते. कादंबरीतली राणी मात्र परतलेल्या नवऱ्याला चांगलीच फैलावर घेते. वाचकांना तेच आवडलं होतं.

अध्यक्ष होते प्राचार्य मुळगावकर. ते कडाडले, "मूळ कथेत ती असं बोलत नाही! पुराणात मनचं घुसडायचा अधिकार कुणालाही नाही. हे पुस्तक आपल्या कपाटात राहणार नाही."

विशाखा टिपरे नावाच्या वाचक उठल्या. "सर, मग मूळ कथा तुम्हीच सांगा ना. आमच्यापैकी बऱ्याच जणींनी ती वाचलेली नाही."

प्राचार्य खुलले. सांगता सांगता रंगले. "सरदार झोपले की राणी समईच्या उजेडात एकेक धागा उसवायची आणि पदरानं डोळे पुसायची!"

पुढच्या रांगेतल्या दोघींनी खरोखरच डोळे टिपले.

"सर, मूळ कथेत पदर आहे?" विशाखाताईंनी विचारलं.

प्राचार्य अडखळले, मग उसळले. "नसेल! पण त्याशिवाय तिचं दुःख या बायकांपर्यंत पोचलं असतं का?"

"नसतं पोचलं. लेखिकेच्या वतीनं मला याहून चांगलं उत्तर देता आलं नसतं."

पुस्तक कपाटात राहिलं नाही, हे खरं. त्याच संध्याकाळी प्राचार्य ते वाचायला घरी घेऊन गेले.